वासराला हाक

सोलापूर,
एप्रिल, भर दुपार

प्रिय विरेश,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र आधी बाजूला सारलं असशील आणि चहाबिहा झाल्यावर फोडलं असशील, एवढा मी तुला ओळखतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला घेतलं होतं. लिहायचो आणि पुसायचो. तिथं आपलं शेवटचं बोलणं म्हणजे आमच्या लेकीच्या, काव्याच्या लग्नाची पत्रिका आणि तिच्याखाली तुझे ते जोडलेले दोन पिवळे हात. त्या हातांच्या खाली हे सगळं कसं लिहायचं? शिवाय कागदाचं एक बरं असतं, त्याला कुठलं व्हर्जन लागत नाही. उघडलं की उघडतं. यावर तू नाक उडवलं असशील. उडव बाबा, तेवढंच कुणीतरी माझ्या बोलण्यावर काहीतरी केलं म्हणायचं.

उन्हानं जीव नकोसा केलाय. सोलापूरचा उन्हाळा तुला काय सांगायचा, पण बेंगळुरूच्या गारव्यात विसरला असशील म्हणून सांगतो. कूलर पाणी कमी आणि आवाज जास्त देतो. तुझी अक्का आतल्या खोलीत झोपली आहे आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहितोय, कारण तिनं हाक मारली तर ऐकू यावी. बघ, सवयीनं लिहून गेलो. हाक मारली तर, म्हणे.

तुला संक्रांतीनंतर आम्ही सांगितलं ते अर्धंच होतं. बीपी वाढलं, दोन दिवस दवाखान्यात ठेवलं, आता बरी आहे, घसा बसलाय म्हणून फोनवर येत नाही. काव्यानं हेच सांगितलं, मीही फोनवर हेच. तू तेव्हा कंपनीच्या कामासाठी जर्मनीत होतास. आपल्याकडे लांबच्या माणसाला असलं कळवत नाहीत, माणूस उठून बसलं की मग सांगायचं, असं असं झालं होतं म्हणून. तुझे आणि अक्काचे अप्पा पायरीवरून पडले तेव्हा दुधनीहून आपल्याला तरी कधी कळवलं होतं? ते काठी टेकत अंगणात हिंडायला लागल्यावर. तर आता खरं ऐक. महानंदाला, तुझ्या अक्काला, अर्धांगाचा झटका आला. गड्ड्याची जत्रा बघून आली, बांगड्या घेतल्या, मजेत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या हातातून चहाचा कप सुटला आणि मला काहीतरी सांगायला गेली तर तोंडातून शब्द निघेना. पाय आता बराच आलाय, भिंतीला धरून चालते. हात थोडा थोडा येतोय. बोलणं मात्र आलेलं नाही. सगळं समजतं तिला, विरेश. कोण आलं, काय म्हणालं, मी कुठं थाप मारली, सगळं. नुसते शब्द सापडत नाहीत. ते, ते, ते, एवढंच म्हणते आणि मग डोळे मिटून घेते. भरलेला वर्ग एका हाकेत गप्प करणारी बाई ती. मला बघवत नाही रे.

डॉक्टर म्हणतात, पहिल्या काही महिन्यांत जे परत येतं ते झपाट्यानं येतं, पुढं वेग कमी होत जातो. म्हणून घाई आहे. त्यातले निम्मे महिने आम्ही कसे घालवले ते पुढं सांगतो, आणि तेच सांगायला बसलोय.

काव्यानं पुण्याहून टॅब पाठवला. स्पीच थेरपीला संस्कृती मॅडम म्हणून एक तरुण मुलगी येते, गुणी आहे, तिनंच सुचवलं. टॅबवर चित्रांचे पत्ते येतात, पत्त्याला बोट लावलं की आतली बाई नाव उच्चारते, आपण तिच्यामागून म्हणायचं. आणि काय सांगू, महानंदाला तो टॅब आवडला की! उजव्या हातानं माऊस धरता आलाच नसता, पण डाव्या हाताचं एक बोट पुरतं. सरकवते, मोठं करते, मागं जाते. न सांगता शिकली. मी पंधरा वर्षांपूर्वी घसा फोडून हेच सांगत होतो ना तुला? काचेला बोट लावलं की झालं, शिकवावं लागत नाही? घे, मुद्दा माझा खरा ठरला. एवढं मोठं भांडण जिंकलो आणि ते सांगायला घरात माणूस नाही.

पण त्या पत्त्यांत काय असावं? सफरचंद. स्ट्रॉबेरी. मधे भोक पाडलेला एक गोड वडा, त्याचं नाव डोनट. बर्फाचा माणूस, गळ्यात मफलर. बाहेर रस्त्याचं डांबर वितळतंय आणि आतली बाई सांगते, हा बर्फाचा माणूस आहे. महानंदानं एकदा त्या माणसाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि टॅब पालथा घातला. भाकरीचं चित्र नाही, शेंगाचटणीचं नाही, चादरीचं नाही. मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, घरी कुठली भाषा बोलता? मी म्हणालो, मराठी. त्यांनी लिहून घेतलं. मला त्यात काही चुकलं असं वाटायचं कारणच नव्हतं. मी जेऊरचा, माझ्या सात पिढ्यांत कुणाला कन्नड आलेलं नाही. लग्न झालं त्या दिवसापासून ती या घरात मराठीच बोलली. भांडलीसुद्धा मराठीत. मग दुसरं काय सांगणार होतो?

आता जुनं थोडं लिहितो. बसल्या बसल्या तेच आठवतं. तिची पहिली नेमणूक तुमच्याच भागातल्या शाळेत होती, दुधनीजवळ. पोरं घरी कन्नड बोलायची, शाळेत आल्यावर पुस्तकात मराठी. मास्तर वासरू म्हणायचे तेव्हा पोरं भिंतीकडे बघायची. मग हिनं आपलं तंत्र काढलं, आधी कन्नड, मग मराठी. करु, वासरू. रोट्टी, भाकरी. नीर, पाणी. पोरांचे चेहरे उजळायचे म्हणायची. तिची बदली सोलापुरात झाली, तू इंजिनीअरिंग संपवून आमच्याकडे राहायला आलास, मी शाळेत कॉम्प्युटर शिकवत होतो. एकदा जेवताना तीच म्हणाली, की हे माझे शब्द पोरांना कॉम्प्युटरवर ऐकू आले तर? तू ताट तसंच ठेवून उठलास आणि कागदावर वासरू काढलंस. खरकट्या हातानं.

रेकॉर्डिंगचे ते दिवस मला अजून स्वच्छ आठवतात. आमच्या गल्लीत तेव्हा दोन्ही बाजूंना यंत्रमाग. दिवसभर खटाखट, खटाखट, स्वतःचा विचार ऐकू येत नसे. माग थांबायचे ते फक्त लाइट गेल्यावर. भारनियमनाला सगळं गाव शिव्या घालायचं आणि आपण तिघं खूश. लाइट गेली रे गेली की तू लॅपटॉप बॅटरीवर लावायचास, मी घरातल्या झाडून सगळ्या चादरी भिंतींवर आणि दारावर टांगायचो, आवाज घुमू नये म्हणून. आत अंधार, उकाडा, तिघांच्या अंगाला घामाच्या धारा, आणि मधे बसून ती म्हणतेय, करु, वासरू. एका बाजूनं शेजारच्या पद्मशाली काकू तेलुगूत कुणाला तरी रागवायला लागल्या की पुन्हा पहिल्यापासून. माग सुरू झाले की काम बंद. आता तुला सांगतो, गल्लीत रोजच शांतता असते. माग बरेचसे भंगारात गेले. दिवसभर रेकॉर्डिंग करता येईल एवढी शांतता.

आणि ते वासरू! किती दिवस लावलेस त्या वासराच्या धावण्याला. चारी पाय चार दिशांना. त्याच्यावर क्लिक केलं की अक्काचा आवाज यायचा, बा! आणि मग, ये! आणि ते कान उडवत, धडपडत पडद्याच्या कडेपासून पुढपर्यंत पळत यायचं. अक्का म्हणाली होती, हे वासरू नाहीच, हा आमचा विरू आहे, शाळा सुटल्यावर दप्तर खाली घासत असाच पळत यायचा. त्यानंतर काम करताना ती त्याला वासरू म्हणायचीच नाही. तम्मा आला का बघ, म्हणायची, धाकटा भाऊ म्हणून तुला मारायची तीच हाक. तू चिडायचास आणि मुद्दाम त्याचे कान आणखी मोठे करायचास.

मग आपण ते दुधनीच्या शाळेत दाखवायला नेलं. आठवते का ती परकराची मुलगी, पहिल्या बाकावरची? तिच्या हातात माऊस दिला तर तिनं तो नीट टेबलावर ठेवला आणि सरळ उठून मॉनिटरवरच्या वासराला बोट लावलं. बा, म्हणाली. वासरू आलं नाही. तिनं पुन्हा लावलं. काचेवर गुळाचे ठसे उमटले. सगळे हसले. मी हसलो नाही. त्याच वर्षी एका डॉक्टरांच्या मुलानं अमेरिकेहून आणलेला टॅब मी पाहिला होता. त्याला बोट लावलं की पान उलटायचं. माझ्या डोक्यात त्या मुलीचं बोट आणि ती काच एकदम जुळली आणि त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. खुळ्यासारखा झालो होतो, कबूल.

आणि नेमकं त्या टॅबवर फ्लॅश चालत नव्हतं. आपलं सगळं काम, तुझ्या वासराचं धावणंसुद्धा, त्या फ्लॅश सॉफ्टवेअरमधे. तिकडे जगातले मोठे लोक त्यावरून भांडत होते, कुणी म्हणे फ्लॅश बॅटरी खातं, कुणी म्हणे वेब सगळ्यांसाठी मोकळं हवं, आणि इकडे आपण दोघं स्वयंपाकघरात त्यांची भांडणं भांडत होतो. तू म्हणायचास, एका कंपनीनं ठरवायचं का माझ्या पोरांनी काय बघायचं? आज फ्लॅश बंद केलं, उद्या आणखी काही बंद करतील. मी म्हणायचो, अरे पण फ्लॅश तरी कुणाच्या घरचं आहे, तेही एका कंपनीचंच की! तू म्हणायचास, पण ते जगातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर चालतं. मी म्हणायचो, ज्या पोरीसाठी बनवलं तिच्या बोटाला चालत नाही. तू टॅबला काचेची पाटी म्हणायचास, वर्षा-दोन वर्षांत लोक कंटाळतील म्हणायचास. मी तुझ्या वासराला म्हातारं म्हणालो. त्याचा तुला जास्त राग आला. अक्का भाकऱ्या थापता थापता म्हणायची, अरे चित्र आणि आवाज एवढंच तर आहे, वेबच्या साध्या पानावर टाका की, उद्याच्या पोरांना उघडलं म्हणजे झालं. तिचं कोण ऐकतंय? साध्या पानावर वासरू पळणार कसं, म्हणून तू तिच्यावर ओरडलास आणि साधं पान विकणार कोण, म्हणून मी.

शेवट तुला माहीतच आहे. एका संस्थेला त्यांच्या शाळांतल्या स्वस्त टॅबसाठी अ‍ॅप हवं होतं, पण फक्त मराठी. कन्नड परीक्षेला नाही, जागाही कमी आहे, म्हणाले. मी हो म्हणालो. अक्का म्हणाली, असू दे, मराठी तर पोचतंय. तू जेवला नाहीस. सकाळी बॅग भरलीस आणि बेंगळुरूची गाडी धरलीस. तुझं म्हणणं होतं मी तिची निम्मी जीभ कापली. माझं म्हणणं होतं की निम्मी तरी पोचवली. त्यानंतर दर रविवारी तुम्हा दोघांचा फोन आणि मी बाहेर पेपर वाचत. तुमचं कन्नड सुरू झालं की माझे कान आपोआप बंद. फोन ठेवल्यावर तिचा चेहरा टवटवीत असायचा, एवढं मात्र दिसायचं.

आणि कोण जिंकलं म्हणशील, तर ऐक. तुझं फ्लॅश करोनाच्या साली रीतसर मेलं, तारीख जाहीर करून. माझं अ‍ॅप त्याच्याही आधी. ते टॅब कपाटात गेले, त्यांच्या बॅटऱ्या फुगल्या. काव्याच्या नव्या टॅबवर मी ते अ‍ॅप चढवून बघितलं, तर ते म्हणतं, हे जुन्या आवृत्तीसाठी बनवलेलं आहे. एवढं भांडून आपण दोघांनी मिळून काहीसुद्धा उरवलं नाही.

तर झटक्यानंतरचे ते महिने. रोज सकाळी मी आणि मॅडम तिला मराठी शब्द म्हणायला लावायचो. पाणी म्हण. प-पाणी. ती प करायची, ओठ आवळायचे, आणि पुढं ते, ते, ते. एकदा तिनं टॅब भिरकावला. कोपऱ्याला तडा गेलाय. मी चिडलो. आजारी माणसावर चिडलो आणि मग मोरीत जाऊन तोंड धुतलं. मॅडम म्हणायच्या, धीर धरा काका. आता मला धीराचासुद्धा कंटाळा आलाय, विरेश. रात्रंदिवस एकट्यानं बोलत राहायचं, प्रश्नही आपणच विचारायचे, उत्तरंही आपणच द्यायची. आज काय करू, आमटी करू का, हां करतो. माणूस स्वतःच्या आवाजाला विटतो.

मग नागव्वा आली. अक्कलकोटच्या बाजूची, कडक भाकऱ्या करून घरोघर देते ती, अक्काची जुनी ओळख. मधे लेकीच्या बाळंतपणाला गावी गेली होती, तिला काही ठाऊक नव्हतं. टोपली उतरवून सरळ आत गेली, पलंगावर बसली आणि हिच्या तोंडावरून हात फिरवत नेहमीसारखं विचारलं, ऊटा आतेन? म्हणजे जेवण झालं का. आणि महानंदा म्हणाली, आतु. झालं म्हणून. इतकं सहज, जणू काल रात्रीपासून बोलतच होती. मी दारात उभा होतो, हातात भाकरीचे सुटे पैसे. नागव्वाला काही विशेष वाटलं नाही. तिनं आणखी काहीतरी विचारलं, हिनं ब्याड म्हटलं, नको म्हणून. मग बाई मला म्हणाली, का रडालाव हो सायेब, काय झालं?

मॅडमना सांगितलं तर त्या कपाळाला हात लावून बसल्या. म्हणाल्या, काका, लहानपणची भाषा कोणती असं विचारायला हवं होतं मी. काहींच्या बाबतीत पहिली भाषा आधी परत येते. म्हणजे बघ, सगळे शब्द आत होते, आणि आम्ही बंद दार बडवत होतो. घसा बसलाय अशी तुला थाप मारून तुझा रविवारचा फोन बंद केला, तिथंच या घरातलं कन्नड संपलं. नागव्वा यायच्या आधी एवढ्या दिवसांत तिच्या कानावर तिच्या आईच्या भाषेतला एक शब्द पडला नाही. कुणी मुद्दाम केलं नाही, तरी झालं तेच.

मग मी कन्नड बोलायला लागलो. हस आता मनसोक्त. नीर ब्याडेन, असं काहीतरी म्हणालो, तर तिनं पहिल्यांदाच तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून हसू दाखवलं. दोनचार शब्दांच्या पुढं माझी गाडी जात नाही, आणि उच्चार असा की तिला जे येतंय तेही बिघडेल, मॅडमच म्हणाल्या. टॅबवर कन्नड लावलं. ती बाई बेंगळुरूची. बँकेत उभं राहून बोलावं तसं बोलते. अक्का तिच्याकडे अनोळखी पाहुणीकडे बघावं तसं बघत बसते. नागव्वाला तरी किती थांबवणार, तिला तिची घरं करायची असतात. आणि मग मला आठवलं, की आधी कन्नड, मग मराठी, हे नेमकं असंच कुणीतरी आधीच बोलून ठेवलंय. तिच्या स्वतःच्या आवाजात, तिच्या गावच्या बोलीत. रोट्टी, भाकरी. नीर, पाणी. आपणच आपल्याला शिकवील अशी मास्तरीण.

माळ्यावरून सीडी काढली. नव्या लॅपटॉपला सीडी घालायला भोकच नाही. नवी पेठेतल्या एका दुकानात गेलो, पोरगा चांगला होता, त्यानं ती उतरवून घेतली, जुनं फ्लॅश चालवणारं काहीतरी नवं सॉफ्टवेअर असतं तेही टाकून बघितलं. सगळं कोरं राहिलं, एक वासराचं पान तेवढं उघडलं. तुझं वासरू पडद्याच्या कडेला उभं, एक पाय उचललेला, कान मोठे. आवाज नाही. बोट लावलं तर हलत नाही. पोरगा म्हणाला, काका, मूळ फाइली लागतील, ज्यानं बनवलं त्याच्याकडे असतील. तसंच घेऊन आलो आणि टॅबवर तिच्यासमोर धरलं. तिनं खूप वेळ बघितलं, मग बोट लावलं. पुन्हा लावलं. अगदी त्या मुलीसारखं. त्या दिवसापासून बर्फाचा माणूस वगैरे बंद आहे, ती ते एकच चित्र उघडून बसते.

म्हणून हे पत्र लिहायला घेतलं होतं, की तुझ्याकडे त्या मूळ फाइली असतील. तू काही फेकत नाहीस, मोडक्या पेनाची टोपणंसुद्धा नाही. त्यातले तिचे आवाज सुटे करून दे आणि साध्या पानावर टाक, अक्का म्हणायची तसं, चित्र आणि आवाज. वासरू पळालं नाही तरी चालेल. फ्लॅश की टॅब, तू की मी, ते सगळं भांडण कुठं ठेवायचं तिथं ठेव, हवं तर माझं चुकलं असं मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लाव, मला त्याचं आता काही वाटत नाही. आवाज तेवढे पाठव. एवढं लिहून परवा घडी घालून ठेवलं होतं, फक्त तिकीट लावायचं बाकी होतं.

पण आज सकाळचं सांगतो आणि मग थांबतो. मी चहा गाळत होतो. ती खिडकीशी टॅब मांडीवर घेऊन बसलेली, ते न हलणारं वासरू समोर. मला आवाज आला, बा. वाटलं, सीडीतला आवाज सुरू झाला की काय. पळत गेलो तर टॅब मुका, तीच बोलत होती. बोट वासरावर, आणि पुन्हा, बा. मी म्हणालो, अगं ते बिघडलंय, ते नाही यायचं. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं वर्गातल्या सगळ्यात मठ्ठ पोराकडे बघावं. मग एकेक शब्द सुटा करत, जोर लावून म्हणाली, तम्मा. बा. आणि दाराकडे बघितलं. विरेश, तिला त्या वासराचं काही पडलेलं नाही रे. इतके दिवस त्या चित्राला बोट लावून ती तुला बोलावत होती आणि मी दुकानं पालथी घालत होतो. फाइली राहू देत. टॅबला तुमचं कन्नड येत नाही, मला तर नाहीच नाही, तुला येतं. उद्यान एक्स्प्रेसचं तिकीट मिळेल तसं काढ. आलास की माझ्याशी बोलू नकोस हवं तर, चप्पल काढ आणि सरळ आत जा, ती खिडकीशी असेल. चहा मी करतो.

वाट बघतोय.

तुझाच,
अभिमन्यू दाजी